टिचकी मारून वाचावे

वजनकाटा परत आला तो शनिवारी दुपारी, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला, एका सिस्टरच्या काखेत. सिस्टर तरुण होत्या, घाईत होत्या, आणि दारात उभ्या राहून लेकीच्या खांद्यावरून आत कोणाला तरी शोधत होत्या.

"काटेवाले काका इथेच राहतात ना?"

सात महिने झाले होते, तरी या प्रश्नाचं उत्तर लेकीला अजून पाठ झालं नव्हतं. तेवढ्यात मागच्या खोलीतून आईच म्हणाली, "राहतात, पण भिंतीवर. आत या, उन्हात नका उभ्या राहू."

सिस्टरनी भिंतीवरचा फोटो पाहिला आणि त्या एवढ्याशा झाल्या. "मला खरंच माहीत नव्हतं हो. मी या दवाखान्यात येऊन तीनच महिने झालेत."

"त्यात ओशाळायचं काय? त्यांना स्वतःला सांगितलं असतं तर त्यांनाही पटलं नसतं. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो. जगाची यंत्रं दुरुस्त केली माणसाने, घरची खुर्ची राहिली."

पुढची खोली हेच बाबांचं दुकान होतं. रस्त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा आणि भिंतीभर बिस्किटांचे जुने डबे. प्रत्येक डब्यात वेगळ्या मापाच्या स्प्रिंगा. ज्या वस्तूच्या पोटात स्प्रिंग आणि तोंडावर काटा, ती वस्तू बाबांची. वाफेचा दाब दाखवणारी मापकं, हवेची मापकं, टांगायचे वजनकाटे, सगळं. घड्याळं मात्र ते घेत नसत. कोणी घेऊन आलंच तर म्हणायचे, "समोरच्या गल्लीत जा. वेळेचं आणि माझं पटत नाही."

लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच तिचं काम. पुस्तकं वाचून वाचून ती अशी गप्प झाली होती की गप्प होती म्हणून पुस्तकांकडे वळली होती, यावर घरात दोन मतं होती. बाबा तिला मौनीबाई म्हणत. सात महिन्यांत तिने टेबलावरची एक वस्तू हलवली नव्हती. धूळ पुसायची तीसुद्धा वस्तूंच्या कडेकडेने.

सिस्टरनी अभ्रा सोडला. आत परातीएवढी गोल पांढरी तबकडी, वर कडी, खाली बाळाची झोळी अडकवायचा हूक. लेकीने तो लगेच ओळखला. हे बाबांचं शेवटचं काम होतं.

"याचं काय झालं?" तिने विचारलं.

"तेच तर कळत नाहीये, ताई. आमच्याकडे एक बाळ आहे. आम्ही त्याला साहेब म्हणतो. अडीच महिन्यांचा आहे. गेले चार सोमवार त्याचं वजन चार किलो दोनशे. एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दूध पुरत नसणार. आई बिचारी शिवणकाम करते, ती रडकुंडीला आलीय. म्हणते, माझ्या बाळाची झबली घट्ट होतायत, मी दोनदा उसवली, आणि तुम्ही म्हणता वाढत नाही! पण झबल्यावर कोण विश्वास ठेवणार? या सोमवारी आकडा हलला नाही तर मोठ्या इस्पितळात दाखल करायचं ठरलंय. मग तपासण्या, सुया, सलाइन."

"दुसरा वजनकाटा नाही?"

"इलेक्ट्रॉनिक आहे की. गेलं वर्षभर 'येतोय'." सिस्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, काट्यात दोष असता तर सगळ्याच बाळांचं वजन चुकलं असतं. ते तर चुकत नाही. तरी माझं मन मानेना. आमच्या जुन्या मोठ्या सिस्टर निवृत्त होताना सांगून गेल्या होत्या, काट्याचं काही झालं तर काटेवाले काकांकडे ने. म्हणून आणला."

लेकीने वजनकाटा हातात घेतला. ओळखीचं वजन होतं.

अकरा महिन्यांपूर्वी हाच काटा याच टेबलावर उघडा पडला होता. तेव्हा बाबांच्या हातांना कंप सुटला होता. स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बसवता बसवता तो तीनदा घसरायचा. त्यांनी दुसरं कुठलं काम घेतलं नव्हतं, पण बाळांचा काटा परत पाठवायला ते तयार नव्हते. शेवटी ते खुर्चीत शाल घेऊन बसले आणि लेक स्टुलावर. डोळे त्यांचे, हात तिचे. "आता ती दातेरी पट्टी उचल. मौनीबाई, पट्टी, कानातला डूल नाही, घट्ट धर." अशी दोन दुपारी चालली होती ती दुरुस्ती. लेकीच्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर दोन दुपारी होत्या त्या, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि आता त्याच काट्याखाली एक आई रडकुंडीला आली होती. दोष असेल तर तो बाबांच्या शेवटच्या कामातला दोष होता. त्यांची नजर शेवटी चुकली असेल का? चाळीस वर्षांत ज्या माणसाच्या हाताखालून एक काटा खोटं बोलत बाहेर पडला नव्हता, त्याने जाता जाता बाळांनाच फसवलं असेल का? लेकीला एकदम वाटलं की हा काटा न उघडता तसाच परत द्यावा. पण सोमवार दोन दिवसांवर होता.

"बघते," ती म्हणाली.

तिने वजनकाटा खिडकीच्या वरच्या हुकाला टांगला. बाबांची पितळी वजनं त्यांच्या लाकडी पेटीतून काढली. दोन किलोचं वजन अडकवलं, काटा दोनवर. आणखी दोन, काटा चारवर. त्यावर पाचशे ग्रॅमचं ठेवलं, ठण्ण आवाज झाला, आणि काटा साडेचारवर जाऊन उभा राहिला. तिने सगळी वजनं काढली, पुन्हा अडकवली. पुन्हा साडेचार. सात किलोपर्यंत नेलं, तरी बरोबर.

सुटल्यासारखं वाटलं तिला. पाठोपाठ लाजही वाटली. काटा बरोबर म्हणजे बाळ आजारी, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"म्हणजे बाळच खोटं बोलतंय," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या.

आई दारात उभी राहून टॉवेलच्या घड्या घालत होती. "कसं आहे हो बाळ दिसायला? मलूल आहे?"

"छे! गाल बघाल तर असे. फक्त झोपाळू आहे. बाकीची बाळं झोळीत घातली की दवाखाना डोक्यावर घेतात, लाथा काय झाडतात, विचारू नका. आणि हा? त्याला झोळीत ठेवा, काढा, कपडे घाला, डोळा उघडत नाही. म्हणून तर साहेब."

आई हसायला लागली. "आमची ही अशीच होती. दवाखान्यात आसपास सगळी पोरं किंचाळतायत आणि ही आपली टुकूटुकू बघतेय. वजन काही वाढेना हिचं. मी घाबरले. हे आले, त्यांनी काचेला एक टिचकी मारली, तेव्हा कुठे काटा हलला. मला म्हणाले, रडक्या पोरांचं वजन आपोआप बरोबर येतं, गप्प पोरांना टिचकी मारावी लागते."

लेकीचे हात पितळी वजनावरच थांबले.

टिचकी! बाबा कुठलाही काटा टिचकी मारल्याशिवाय वाचत नसत. दुसऱ्यांकडे पाहुणे म्हणून गेले आणि भिंतीवर तापमापक दिसलं तरी जाता जाता त्याला टिचकी. तिचा शाळेचा निकाल उघडण्याआधी तिच्या कपाळावर टिचकी. "आता वाच. आता खरा आकडा येईल." इतकी सवयीची गोष्ट, की आज वजनं मांडताना ती साफ विसरली होती. आणि विसरूनही काही बिघडलं नव्हतं, कारण पितळेवर पितळ ठण्णकन ठेवलं की तो दणकाच टिचकीचं काम करतो.

ती आठ वर्षांची असताना बाबांनी तिला हे करून दाखवलं होतं. तिचा जाडजूड शब्दकोश घेतला, त्याला सुतळी बांधली, सुतळीला एक मऊ स्प्रिंग आणि स्प्रिंगचं टोक आपल्या बोटात. "बघ हं. मी अगदी सावकाश ओढतोय. पुस्तक हललं?" नाही हललं. स्प्रिंग लांब होत गेली. "अजून?" नाही. स्प्रिंग आणखी लांब झाली, आणि मग एकदम, कोणी ढकलल्यासारखं, पुस्तक वीतभर पुढे सरकलं आणि पुन्हा थांबलं. स्प्रिंग सैल पडली. बाबा ओढतच राहिले. पुस्तक बसलेलं, बसलेलं, बसलेलं, आणि धप्प. "बसलेल्याला उठवायला जास्त जोर लागतो, बाळा. एकदा उठला की चालायला कमी पुरतो. म्हणून हे असं अडतं आणि उडतं. घर्षण म्हणतात त्याला. मोठी चिवट चीज." मग त्यांनी स्प्रिंग ताणून धरली आणि दुसऱ्या हाताने टेबलावर बारीक टकटक केली. आता पुस्तक अडलं नाही, उडलंही नाही. मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत गेलं. "थोडं हलवलं की पकड सुटते. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही. नुसती टिचकी."

"सिस्टर, जुन्या सिस्टर काचेवर टिचकी मारायच्या का?" लेकीने विचारलं.

"अय्या, हो! दरवेळी. मला वाटलं सवय असेल, काही लोक पेन झटकून मग लिहितात ना, तशी. काचेवर एक लाल ठिपका पण होता, तिथेच मारायच्या. तो मला डाग वाटला, मी स्पिरिटने घासून काढला."

"माझं नेलपॉलिश होतं ते," आई म्हणाली. "एवढीशी बाटली, निम्मी यांनी काट्यांना लावली."

लेक आत गेली आणि गव्हाच्या पिठाची अर्धी भरलेली पिशवी घेऊन आली. ही पिशवी तिने झोपलेल्या बाळासारखी दोन हातांवर घेतली, हुकात अडकवली आणि इतकी अलगद सोडली की पिठाला कळलं नसावं. काटा चढला आणि चार किलो दोनशेवर थांबला. तिने शंभर ग्रॅमचं वजन फुंकर घातल्यासारखं पिशवीत ठेवलं. काटा तिथेच. आणखी शंभर. तिथेच. सिस्टर उठून जवळ आल्या. आणखी शंभर, तिथेच. पुढच्या वजनाला कुठूनतरी टक असा आवाज झाला, काटा उडाला, पाचजवळ जाऊन थरथरला आणि चार किलो सातशेच्या आसपास येऊन टेकला.

"बाई गं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे साहेब वाढतोय."

"वाढतच असणार. काटा चारदोनशेला दात रोवून बसतो. बाळ रडलं की सुटतो. हे रडत नाही."

सिस्टरना ताबडतोब जाऊन त्या आईला सांगायचं होतं. लेकीने त्यांना थांबवलं. सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर आकडाच दिसू दे, म्हणाली. तोवर अडकतो कशाने ते बघून ठेवते. खरं म्हणजे तिला आता एकटीने उघडायचं होतं. काटा अडतो हे कळलं होतं. का अडतो, आणि कोणामुळे, ते कळायचं होतं.

रविवारी सकाळी तिने टेबलावर पांढरा कागद पसरला आणि सात महिन्यांत पहिल्यांदा बाबांचा दिवा लावला. आई चहा घेऊन समोर येऊन बसली. डुगडुगत्या खुर्चीतच.

मागच्या झाकणाला तीन स्क्रू होते. लेक पहिल्याच स्क्रूला थबकली. त्याच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना ओरखडे होते, सात-आठ, वेडेवाकडे. असे ओरखडे तिच्या हातून पडले नव्हते. तिने बंद केला तेव्हा स्क्रू आरशासारखे होते. बाबांनी स्वतः भिंग लावून पाहिले होते आणि "छापखाना सोड, इथे बस" म्हणाले होते. मग यानंतर कोणी उघडला?

तिने झाकण सोडवलं आणि न बघताच आईच्या हातात दिलं. वास आधी आला. बाळांच्या पावडरीचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा. भिंगाखाली दातेरी पट्टी दिसली, तिच्यात फिरणारं छोटं चाकही दिसलं. आणि पट्टीच्या मधल्या सात-आठ दातांत, बाळांची वजनं जिथे रोज घोटाळतात नेमकं तिथे, पिवळट राखाडी लुकण बसलेलं दिसलं.

पट्टीला तेल नव्हतं घालायचं. बाबांनी दोनदा बजावलं होतं. दवाखान्यात पावडर उडते, तेल ती धरून ठेवतं, पट्टी कोरडीच हवी, फार तर पेन्सिलीचं शिसं घासायचं. पण दुसऱ्या दुपारी, काम संपत आलं असताना, काटा फिरताना बारीक करकरत होता. ती करकर झाली की बाबांच्या कपाळावर आठी पडायची. त्या दिवसांत त्यांना कुठलाच आवाज सोसत नव्हता. मग त्यांचा खुर्चीत डोळा लागला. आईच्या मशीनच्या तेलाची बाटली समोरच होती. लेकीने सुईच्या टोकावर एक थेंब घेतला आणि पट्टीवर सोडला. करकर थांबली. तिने झाकण लावलं, स्क्रू पिळले, आणि त्यांना झोपू दिलं.

हे ती विसरली होती. आता मात्र सगळं आठवलं, बाटलीचं झाकण कुठे ठेवलं होतं तेसुद्धा.

"मी केलं हे," ती म्हणाली. "बाबांनी नाही. मी."

आई झाकण दिव्याकडे धरून डोळे बारीक करत होती. बाबांची ही एक रीत होती. कामाची नोंद ते वहीत ठेवत नसत, झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहीत. वही हरवते, झाकण कुठे जातंय, असं त्यांचं म्हणणं. या झाकणावर तीस वर्षांच्या ओळी होत्या, एकाखाली एक. स्प्रिंग बदलली. शून्य सरकलं होतं, आणलं जागेवर. काच नवी.

"सगळ्यांत खाली काहीतरी आहे. अक्षर यांचंच, पण कसं हललंय बघ. चष्मा आण गं माझा."

"दे, मी वाचते."

शेवटच्या ओळी मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तशा होत्या. लेकीने आयुष्यभर वाईटातली वाईट हस्ताक्षरं वाचली होती, तरी तिला वेळ लागला. तिने मोठ्याने वाचलं.

"काम लेकीने केले. उत्तम. पट्टीला तेल लागले आहे, मला करकर नको म्हणून. वर्षभर चालेल. मग तिच्याकडूनच पुसून घेणे. तोवर टिचकी मारून वाचावे."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"म्हणजे झोपले नव्हते," आई म्हणाली. "सोंग होतं. आणि नंतर त्या हातांनी तीन स्क्रू काढले नि लावले. मी बाजारात गेले असणार, नाहीतर काढू दिले असते का? आणि तुला एका शब्दाने बोलले नाहीत."

लेक झाकण हातात धरून बसून राहिली. चहावर साय आली. आईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. सात महिने ती असंच बघत आली होती. लेक वेळेवर कामाला जात होती, वेळेवर जेवत होती, भेटायला येणाऱ्यांना पाणी देत होती. लोक म्हणाले होते, किती शांतपणे घेतलं पोरीने. आईला ते कधी आवडलं नव्हतं.

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि लेकीच्या कपाळावर मधोमध टिचकी मारली. नेम चुकला. नख भुवईला लागलं.

"आई! लागलं ना!"

"हे खातं त्यांचं होतं. मला नाही जमत नीट," आई म्हणाली.

लेकीला हसू आलं. चांगलंच आलं, खांदे हलले तिचे. ते हलायचे थांबेनात. आईने तिच्या हातातलं झाकण आधी काढून घेतलं, पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून, आणि मग तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. बराच वेळ लागला. आईने मध्ये फक्त एकदा दिवा विझवला, कारण तो तापत होता.

दुपारी लेकीने पट्टी सोडवली. दात एकेक करून स्पिरिटने, मग कोरड्या ब्रशने साफ केले. पेन्सिलीचं शिसं घासलं. काटा फिरवून पाहिला, तो करकरला. तिने करकरू दिला. झाकण लावण्याआधी बाबांच्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं: पुसले. तेल नाही.

"एवढंच?" आई म्हणाली. "एवढी पुस्तकं वाचलीस आणि एवढंच?"

"जागा उरायला हवी ना. पुढच्या वर्षी परत उघडायचाय."

आईने आतून नेलपॉलिशची बाटली आणली. तळाला वाळत आलेलं होतं. लेकीने काडीने एक ठिपका काचेवर दिला, जुन्याच जागी.

सोमवारी लेकीने छापखान्यात उशिरा येईन असं कळवलं आणि वजनकाटा स्वतः घेऊन दवाखान्यात गेली. भिंतीला लागून बाकं, बाकांवर आया, आणि सगळ्या आयांच्या मांडीवर आरडाओरडा. फक्त कोपऱ्यातल्या एका मांडीवर शांतता होती. गळ्यात मोजपट्टी अडकवलेली बाई होती ती. बहुतेक दुकानातून तशीच उठून आली होती. साहेबांचं तोंड उघडं होतं आणि झबल्याच्या दोन्ही कडांना नव्या शिवणी होत्या.

लेक तिच्याजवळ गेली. वाटेत तिने वाक्य जुळवलं होतं, ते ऐनवेळी जुळेना. "वजनकाटा अडकत होता," ती म्हणाली. "तुमचं बाळ नाही. मी त्याला तेल घातलं होतं, घालायला नको होतं. तुम्हाला चार आठवडे माझ्यामुळे त्रास झाला."

शिंपीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तेल का घातलंत?"

"करकरत होता."

"मग काय करणार, मीही घातलं असतं," त्या म्हणाल्या. "मशीन करकरलं की माझा हात आपोआप बाटलीकडे जातो." मग त्यांचा आवाज जरा चढला. "पण आता त्या डॉक्टरीणबाईंना सांगा हो कोणीतरी, की मोजपट्टी खोटं बोलत नाही. मी घसा कोरडा करून सांगत होते!"

डॉक्टरीणबाई दारात उभ्याच होत्या. हातातला मोठ्या इस्पितळात पाठवायचा कागद त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता. सिस्टरनी काटा हुकाला टांगला, शून्य पाहिलं आणि साहेबांना झोळीत ठेवलं. साहेबांनी ओठ चाटले आणि झोप पुढे चालू ठेवली. काटा चढला, चार किलो सातशेच्या जरासा अलीकडे जाऊन थांबला. शिंपीणबाईंनी लेकीचं मनगट धरलं. सिस्टर लेकीकडे बघत होत्या.

"तुम्ही मारा," लेक म्हणाली. "आता रोज तुम्हालाच मारायचीय. ठिपक्यावर. जोरात नाही."

सिस्टरनी बोट वाकवलं आणि लाल ठिपक्यावर सोडलं. काच टिंग वाजली. काटा केसभर थरथरला, पुढे सरकला आणि चार किलो सातशे वीसवर स्थिर झाला.

डॉक्टरीणबाई पुढे आल्या, चष्मा वर करून काटा जवळून पाहिला, आणि मग त्यांनी स्वतः एक टिचकी मारून बघितली. काटा हलला नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

त्या दुसऱ्या टिचकीने मात्र साहेब जागे झाले. त्यांनी डोळे उघडले, आजूबाजूला जमलेल्या बायकांकडे एकदा नापसंतीने पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"आता रडतोय मेला," शिंपीणबाई म्हणाल्या आणि झोळीकडे धावल्या.